खनिजाचं लांबलचक नाव फोडायचं कसं: आधी तुकडे, मग सिलॅबल, शेवटी जोर

एका परदेशी गिऱ्हाइकाशी व्हिडिओ कॉल चालू होता, टेबलावर खनिजाचा तुकडा ठेवलेला, आणि मी आपला ठणकावून चाबाझाइट, चाबाझाइट करतोय. समोरच्यानं तीनदा विचारलं, कुठलं म्हणालात? शेवटी चॅटमध्ये स्पेलिंग टाइप केलं तेव्हा तो हसून "ओह, कॅबझाइट" म्हणाला आणि माझे कान गरम झाले. माल चांगला होता, भाव ठरला, पण ते दहा मिनिटं मला अजून आठवतात.

मी नाशकात पाथर्डी फाट्याकडच्या खनिजांच्या एका गोडाउनमध्ये लेबलं आणि पॅकिंग बघतो. पांडवलेण्याच्या डोंगराकडच्या खाणीतला जुना माल, सिन्नरकडचा माल, सगळा हाताखालून जातो. सुट्टीत जिऑलॉजीची पोरं पण येतात, त्यांना तोंडी परीक्षेची धास्ती असते. पोरं काय आणि दुकानदार काय, चूक सगळ्यांची एकच: स्पेलिंग बघायचं, मराठीसारखं अक्षर-अक्षर वाचायचं, पहिल्या अक्षरावर दणका द्यायचा आणि अर्थ नंतर कधीतरी व्हॉट्सॲपवर शोधायचा. म्हणजे क्रम बरोब्बर उलटा.

उदाहरणाला एकच नाव शेवटपर्यंत धरतो, आपल्याकडचंच: फ्लोर-अपॉफिलाइट. मधे लागतील तशी बाकीची घेऊ.

तयारी: पेन्सिल घ्यायच्या आधी

पहिलं म्हणजे बरोबर स्पेलिंग. ट्रेवरच्या लेबलवरून घेऊ नका. आमच्या कपाटात एकदा अपॉफिलाइटच्या तीन चिठ्ठ्या तीन स्पेलिंगच्या निघाल्या, एकीत एकच एल, एकीत पीएचच्या जागी एफ, एकीत वायच्या जागी आय, आणि तिन्ही एकाच मुलानं एकाच दुपारी लिहिलेल्या. बरोबर स्पेलिंग आहे ए, पी, ओ, पी, एच, वाय, डबल एल, आय, टी, ई. इंटरनॅशनल मिनरलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे आयएमएची, मान्य नावांची यादी नेटवर फुकट बघता येते, तिथून उतरवून घ्या. या नावातला प्रत्येक डबल एल आणि प्रत्येक वाय पुढे कामाला येणार आहे, म्हणून इथे कंटाळा नको.

दुसरं, आवाज ऐकवणारी एखादी डिक्शनरी. जमलं तर दोन, कारण काही नावांना दोन उच्चार चालतात.

तिसरं, कागदावर नाव दोनदा लिहा, एकाखाली एक, अक्षरं मोकळी सोडून. वरच्या ओळीत शब्दाचे अर्थाप्रमाणे तुकडे पाडायचे, तिरप्या रेघेनं. खालच्या ओळीत सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात निघणारे आवाजाचे तुकडे, पाडायचे, ठिपक्यानं. दोन्ही एकाच ओळीत कोंबले की गोंधळ झालाच म्हणून समजा.

सावधान: पेन नको, पेन्सिलच. जोराची, म्हणजे कुठला सिलॅबल ठासून म्हणायचा त्याची, खूण पहिल्या फटक्यात क्वचितच बरोबर जागी पडते.

पायरी १: शेपूट बाजूला काढा

नावाच्या शेवटी डॅश देऊन काहीतरी लिहिलेलं असेल तर ते आधी झाकून टाका. आपलं नाव पूर्ण लिहिलं तर फ्लोर-अपॉफिलाइट-(के) असं आहे, कंसातला के म्हणजे पोटॅशियम. स्टिल्बाइटला मात्र कंस नसतो, नुसतं डॅश आणि सी-ए, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेलं स्टिल्बाइट. झिओलाइट म्हणजे तापवलं की पाणी सोडणाऱ्या खनिजांचा गट, त्यातल्या नावांना कंस नाही, अपॉफिलाइटला आहे, हे पाठच करून टाका, कारण अपॉफिलाइट त्या झिओलाइटांच्या मांडीला मांडी लावून खडकातल्या त्याच पोकळीत बसलेलं असलं तरी स्वतः झिओलाइट नाही.

शेपटातली अक्षरं सुटी वाचायची: के, सी-ए, एन-ए. ती सिलॅबलमध्ये मोजायची नाहीत आणि त्यांच्यामुळे नावातला जोर हलत नाही.

जुन्या लेबलवर अपॉफिलाइट-(के एफ) असं दिसलं तर घाबरू नका, वेगळं खनिज नाहीये. २००८ मध्ये नावाची पद्धत बदलून तसं केलं होतं, २०१३ मध्ये परत फ्लोर पुढे आणला.

पायरी २: शेवटून कापा, आणि लाइटवर फसू नका

खनिजाचं नाव पुढून नाही, मागून फोडायचं. बहुतेक नावांच्या शेवटी आय-टी-ई असतं, म्हणजे आइट. हा नुसता प्रत्यय, "अमुकचा दगड, अमुकचं खनिज" एवढंच सांगणारा. काही नावांच्या शेवटी मात्र एल धरून लाइट असतं, आणि ते ग्रीक लिथोस म्हणजे दगड या शब्दावरून आलेलं असतं. कानाला दोन्ही सारखेच, म्हणून इथे निम्मी जनता आपटते.

नॅट्रोलाइट कापा: नॅट्रो / लाइट. मेसोलाइट: मेसो / लाइट. जायरोलाइट: जायरो / लाइट. झिओलाइट: झिओ / लाइट, उकळणारा दगड, तापवला की पाणी सोडून फसफसतो म्हणून. आता अपॉफिलाइट. माझ्या ओळखीच्या एका पोराला तोंडी परीक्षेत यातल्या लाइटचा अर्थ विचारला, त्यानं छातीठोकपणे दगड सांगितलं. चूक. इथला एल दगडाचा नाहीच, तो मधल्या तुकड्याचा आहे. तुकडे असे पडतात:

अपो / फिल / आइट

पॉवेलाइटचं पण तसंच, पॉवेल हे माणसाचं नाव डबल एलनं संपतं आणि मग आइट लागतं. पॉवेल-लाइट नव्हे.

ओळखायचं कसं? माझी कामचलाऊ युक्ती अशी: एल एकच असेल आणि त्याच्या आधी ओ किंवा ए असा स्वर असेल तर बहुतेक वेळा तो लाइट असतो. डबल एल दिसला की समजायचं, आधीच्या शब्दाचा एल आहे आणि मागे नुसतं आइट.

सावधान: ही युक्ती आहे, नियम नाही. ट्रेमोलाइटमध्ये एल एकच आणि आधी ओ, तरी ते ट्रेमोला या स्वित्झर्लंडमधल्या दरीच्या नावाला आइट लागून झालंय. हॅलाइट म्हणजे आपलं मीठच, त्यातला एल ग्रीक हॅल्स म्हणजे मीठ याच्यातला. म्हणून मधला तुकडा कळल्याशिवाय वरच्या ओळीतली तिरपी रेघ गडद करायची नाही.

पायरी ३: मधला तुकडा कुणाचा ते शोधा

उरलेला तुकडा बहुतेक वेळा या चार घरांपैकी एका घरचा असतो.

माणूस: ह्यूलंडाइट (ह्यूलंड नावाचा संग्राहक आणि व्यापारी), ओकेनाइट (ओकेन), टॉमसनाइट (टॉमसन), प्रेनाइट (कर्नल फॉन प्रेन).

गाव किंवा जागा: मॉर्डेनाइट कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या मॉर्डेनवरून, युगावारालाइट जपानमधल्या युगावारावरून, गूसक्रीकाइट अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या गूस क्रीक खाणीवरून. हे शेवटचं पांडवलेण्याच्या खाणीत पण सापडलंय आणि तरी आमच्याकडचे जुने लोक त्याला "ते अमेरिकेवालं" म्हणतात.

ग्रीक शब्द: स्टिल्बाइट, चमकणं या अर्थाच्या शब्दावरून. स्कोलेसाइट, स्कोलेक्स म्हणजे किडा, कारण ज्योतीत धरलं की किड्यासारखं वळवळतं. मेसोलाइट, मेसोस म्हणजे मधलं, नॅट्रोलाइट आणि स्कोलेसाइट यांच्या मधलं रसायन म्हणून.

रसायनाची आद्याक्षरं: कॅव्हनसाइट. कॅल्शियमचा कॅ, व्हॅनेडियमचा व्हॅन, सिलिकेटचा सि. वाघोलीचा तो निळा फुलोरा बघून लोक कॅव्हन नावाचा माणूस शोधत बसतात, असा कोणी नाहीये.

आपलं नाव ग्रीक घरचं. अपो म्हणजे पासून, दूर. फिल म्हणजे फुलॉन, पान. तापवलं की पानंपानं सुटून येतात म्हणून १८०६ मध्ये आयुई या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे नाव ठेवलं. पुढचा फ्लोर हा रसायनाचा तुकडा, फ्लोरिन हायड्रॉक्सिलपेक्षा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीपेक्षा) जास्त आहे एवढंच तो सांगतो. तर वरची ओळ आता अशी:

फ्लोर / अपो / फिल / आइट

सावधान, हे महत्त्वाचं: मराठीत फिल एकच लिहिलं जातं, पण ग्रीकमध्ये दोन वेगळे आहेत. वाय आणि डबल एल असेल तर पान. आय आणि एकच एल असेल तर प्रेम, आवड. एका विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मी अपॉफिलाइट म्हणजे "प्रेमाचा दगड" असं छापलेलं डोळ्यांनी पाहिलंय. विकायला बरंय हो, पण चुकलंय. तयारीत स्पेलिंगसाठी डोकं का खाल्लं ते इथे कळतं.

तपासून बघा: लावलेला अर्थ दगडाशी जुळतो का? अपॉफिलाइटचा फुटलेला तुकडा उजेडात तिरका धरा, एका दिशेनं गुळगुळीत पापुद्रा सुटलेला दिसतो आणि तिथे मोत्यासारखी झाक असते. पान जुळलं. प्रेमाचं मला काही दिसलं नाही.

पायरी ४: इंग्रजी अक्षरांचे आवाज पक्के करा

सिलॅबल मोजण्याआधी कुठलं अक्षर काय बोलतं ते ठरलं पाहिजे, नाहीतर मोजणी फुकट. आपल्याकडच्या नावांत नडणारी एवढीच:

सी-एच ग्रीक शब्दात क बोलतो, च नाही. कॅबझाइट, कॅल्सेडनी, कॅल्कोपायराइट. माझा व्हिडिओ कॉल इथेच गेला.

सीनंतर ई किंवा आय आला तर स. स्कोलेसाइटमध्ये पहिला सी क आहे आणि दुसरा स, एकाच शब्दात दोन्ही, म्हणून स्कोलेकाइट असं ऐकू येतं ते चूक.

पी-एच म्हणजे फ, आणि तो इंग्रजीतला फ, वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढायचा. फुलाचा फ काढला तरी गिऱ्हाईक समजून घेतं, पण परीक्षक कधी कधी भुवई उडवतो.

जीनंतर वाय म्हणजे ज: जायरोलाइट, गायरो नाही. ह्यूलंडाइटच्या सुरुवातीचं ई-यू म्हणजे यू. प्रेनाइटमधला एच आणि टॉमसनाइटमधला एच दोन्ही गप्प बसतात.

आपल्या नावात पी-एच एक फ, वाय म्हणजे इ, डबल एल म्हणजे एकच ल. झालं.

पायरी ५: सिलॅबल मोजा, देवनागरी अक्षरं नव्हे

इथे थांबून थांबून वाचा, कारण शाळेतली सवय इथेच आडवी येते. आपण अक्षरं मोजतो. स्टिल्बाइट लिहिलं की डोळ्याला स्टि, ल्बा, इ, ट अशी चार दिसतात. पण सिलॅबल किती? दोन. स्टिल आणि बाइट. सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात निघणारा आवाज, मग त्याला पुढेमागे किती व्यंजनं चिकटलीयत याच्याशी घेणं नाही.

हनुवटीखाली हाताची पालथी बाजू लावा आणि नाव सावकाश म्हणा. हनुवटी जेवढ्या वेळा खाली येईल साधारण तेवढे सिलॅबल. गोडाउनमध्ये पोरांना असं उभं केलं की चहावाला बघत बसतो, पण ही पद्धत चालते.

सगळ्यात जास्त चुकणारा तुकडा म्हणजे शेवटचं आइट. आ आणि इ असे दोन स्वर दिसतात म्हणून लोक ला-ईट असे दोन मोजतात. अहो, "लाइट गेली" म्हणताना तुम्ही ला-ईट म्हणता का? एका दमात लाइट म्हणता. तेच इथे. आइट, लाइट, बाइट, साइट, सगळे एकच सिलॅबल.

दुसरी चूक सुरुवातीच्या जोडाक्षराची. इस्टेशन म्हणायची सवय असेल तर स्टिल्बाइटचं इस्टिल्बाइट होतं आणि दोनाचे तीन होतात. स तोंडातच धरून ठेवायचा, सापाच्या फुत्कारासारखा, आणि तिथून सरळ टि वर उतरायचं.

आता आपलं नाव. फ्लोर झाका, आधी नुसतं अपॉफिलाइट:

अ · पॉफ · इ · लाइट

चार. आणि इथे बघा काय झालं. वरच्या ओळीत रेघा अपो / फिल / आइट अशा आहेत, खालच्या ओळीत ठिपके भलतीकडे पडलेत. अपोमधला प पुढच्या सिलॅबलमध्ये गेला, फिलमधला फ मागच्याला जाऊन चिकटला आणि ल शेवटच्या आइटला. हे बघून पोरं म्हणतात, दादा आमचं काहीतरी चुकलंय, आणि खोडरबर घेऊन ठिपके रेघांवर आणून बसवतात. तसं करू नका! अर्थाचे तुकडे वेगळे, तोंडाचे तुकडे वेगळे. मराठीत पण हेच चालतं, "प्रत्येक" हा शब्द संधी सोडवली तर प्रति + एक, पण म्हणताना आपण प्रत् आणि येक असंच म्हणतो. प्रति-एक असं थांबून म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. अपो-फिल-आइट असं थांबत म्हणणारे मात्र रोज भेटतात.

फ्लोर पुढे लावला की पाच. काही जण फ्लु-ओर असे दोन झटके देतात, मग सहा. दोन्ही चालतं, मात्र एक धरा आणि तोच ठेवा.

ताळा करायला बाकीची नावं: प्रेनाइट दोन. स्कोलेसाइट, ह्यूलंडाइट, मॉर्डेनाइट, ओकेनाइट, गूसक्रीकाइट प्रत्येकी तीन. झिओलाइट पण तीन, झोलाइट म्हणून दोनात उरकू नका. एपिस्टिल्बाइट चार. युगावारालाइट पाच. तुमची मोजणी एकानं जास्त येत असेल तर शेवटचं लाइट फोडलंय, दुसरीकडे बघूच नका.

पायरी ६: जोर कुठे ते ठरवा

पुस्तकात आघात म्हणतात, मी जोरच म्हणतो. आपल्या मराठीला याची सवय नाही. आपण सगळे सिलॅबल साधारण एकाच वजनानं टाकतो, बैठकीतल्या सगळ्या पाव्हण्यांना एकसारखा चहा दिल्यासारखं. इंग्रजी नावात एकाला पूर्ण कप आणि बाकीच्यांना घोट-घोट असतो. जोर असलेला सिलॅबल थोडा लांब, थोडा मोठ्यानं आणि थोडा वरच्या सुरात येतो, आणि त्याच्या शेजारचे स्वर विरघळून हलक्या अ किंवा इ सारखे होतात. ज्यांना लघु-गुरू येतं ते लगेच गुरू अक्षरावर जोर ठेवतात. तसं नाहीये. लाइट मात्रेनं गुरूच आहे आणि तरी मुख्य जोर त्याच्यावर पडत नाही.

क्रम असा धरा.

आधी, शेवटचं आइट किंवा लाइट सोडून द्या. मुख्य जोर तिथे नसतो.

मग शेवटून, ते आइट किंवा लाइट धरूनच, मोजत तिसऱ्या सिलॅबलवर बोट ठेवा. तीन किंवा जास्त सिलॅबलच्या बऱ्याचशा नावांत जोर तिथेच सापडतो. खूण म्हणून सिलॅबलच्या आधी वर एक छोटी उभी रेघ मारा:

अ · ˈपॉफ · इ · लाइट

ˈनॅट · रो · लाइट, ˈस्को · ले · साइट, ˈह्यू · लन · डाइट, यु · गा · ˈवा · रा · लाइट. सगळ्यांत शेवटून तिसरा.

दोनच सिलॅबल असतील तर पहिला: ˈस्टिल · बाइट, ˈप्रे · नाइट.

मग पायरी ३ मधलं घर बघा, कारण माणसाचं किंवा गावाचं नाव स्वतःचा जोर घेऊन येतं आणि बऱ्याचदा सोडत नाही. लॅब्रडॉराइटमध्ये जोर लॅबवर राहिलेला ऐकू येतो, कारण कॅनडातल्या लॅब्रडॉर या जागेच्या नावात तो तिथे आहे. शेवटून तिसरा मोजला असता तर ब्रवर आला असता. अलेक्झँड्राइटमध्ये झँडवर, शेवटून दुसरा. आणि एक खनिजाचं नाव दुसऱ्यावरच रचलेलं असेल तर आतल्या नावाचा जोर जागचा हलत नाही: स्टिल्बाइटला एपि लागला तरी ए · पि · ˈस्टिल · बाइट, पायराइटला कॅल्को लागला तरी कॅल · को · ˈपाय · राइट. म्हणून तर आधी तुकडे पाडायचे, तुकडे न पाडता जोर शोधणारा एपिस्टिल्बाइटमध्ये पिवर जाऊन बसतो.

याच कारणानं फ्लोर लागल्यावर पण मुख्य जोर पॉफवरच राहतो. फ्लोरला दुय्यम जोर, डिक्शनरीत तो खाली छोट्या रेघेनं दाखवतात:

ˌफ्लोर · अ · ˈपॉफ · इ · लाइट

सावधान: काही डिक्शनऱ्या जोराची खूण सिलॅबलच्या आधी देतात, काही नंतर. पहिल्या पानांवर खुणांची यादी असते ती बघा. मी एक आख्खा आठवडा सगळे जोर एक घर पुढे सरकवून शिकवले होते, ते याच्यामुळे.

आता नाशकातली खास चूक. आपल्याकडे सगळे लाडानं "ॲपो" म्हणतात, ॲपोचा ट्रे, ॲपो स्टिल्बाइटचा कॉम्बो, वगैरे. आपापसात काही हरकत नाही, मी पण म्हणतो. पण त्या ॲपोची सवय पूर्ण नावात शिरते आणि ˈॲ · पो · फि · लाइट तयार होतं, पहिल्यावर दणका, ॲ मोठा उघडा, पो पण गोल गरगरीत. ऐकणारा पॉफची वाट बघत असतो, तो येतच नाही. सुरुवातीचा स्वर हलका अ आहे, अडीचमधल्या अ एवढा, उच्चारला न उच्चारला असा. सगळी ताकद पॉफला.

तपासून बघा: जोराच्या सिलॅबलला टेबलावर बोटानं टिचकी मारत नाव पाच वेळा म्हणा. टिचकी आणि आवाज एकत्र पडत नसतील तर जोर डोक्यात एकीकडे आणि तोंडात दुसरीकडे आहे.

पायरी ७: मागून चढत म्हणा

पुढून म्हणत गेलं की लांब नावात दम आणि जोर दोन्ही शेवटाआधी संपतात. म्हणून शेवटच्या सिलॅबलपासून एकेक जोडत वर यायचं:

लाइट
इलाइट
ˈपॉफिलाइट
अˈपॉफिलाइट
फ्लोर-अˈपॉफिलाइट

प्रत्येक ओळ तीनदा, मग पुढची. जिथे अडखळाल तिथून एक ओळ खाली उतरा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि डिक्शनरीचा आवाज मधे मधे ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते हे मान्य, पण गिऱ्हाइकासमोर वाटण्यापेक्षा बरं.

पायरी ८: देवनागरीत लिहून ठेवा

हे शेवटी, आधी नाही. उच्चार पक्का झाल्यावरच देवनागरी, नाहीतर चुकीचं देवनागरी बघून उच्चार बिघडतो आणि मग तो वर्षानुवर्षं बिघडलेलाच राहतो. आइट ऱ्हस्व इ नं लिहा, आईट लिहिलं की वाचणारा दोन सिलॅबल करतो. पुढचा तुकडा डॅशनं तोडा: फ्लोर-अपॉफिलाइट. सलग फ्लोरॅपोफिलाइट लिहिलेलं पण दिसतं, पण त्यात रॅ वर चंद्र बसला की जोर हमखास तिकडे जातो.

ट्रेवरच्या चिठ्ठीवर मी इंग्रजी नाव, खाली देवनागरी, आणि जोराच्या सिलॅबलखाली पेन्सिलची बारीक रेघ एवढंच ठेवतो. अर्थ मागच्या बाजूला. पुढे लिहिला तर गिऱ्हाईक दगड सोडून चिठ्ठी वाचत बसतं.

दोन अवघड नावं, जरा पळवत

क्लायनोप्टिलोलाइट. शेतीच्या कामाच्या नैसर्गिक झिओलाइटमध्ये हे नाव सारखं येतं. मागून कापा: लाइट, दगड. एल एकच, आधी ओ, युक्ती लागू. मधे प्टिलो, ग्रीक प्टिलॉन म्हणजे पीस. पुढे क्लायनो, तिरपं. म्हणजे तुकडे क्लायनो / प्टिलो / लाइट. सिलॅबल पाच, आणि प्टिलोमधला प ऐकायला आला तर मागच्याला चिकटतो: क्लाय · नॉप · ˈटिल · ओ · लाइट. काही जण प गिळून टाकतात, ते पण चालतं. जोर शेवटून तिसरा, टिलवर.

मॉन्टमोरिलोनाइट. वायनरीत काम करणाऱ्यांना बेंटोनाइटची पोती माहीत असतात, वाइन गढूळ करणारी प्रोटीन खाली बसवायला वापरतात ती माती, तिच्यातलं मुख्य खनिज हे. एल डबल आहे पण तो मधेच, मॉन्टमोरिलॉन या फ्रान्समधल्या गावाच्या नावातला, शेवटी नुसतं आइट. मॉन्ट · मो · ˈरिल · ओ · नाइट, पाच, जोर रिलवर. लोक मॉन्टवर देतात आणि मग पुढचं सगळं रेल्वेच्या डब्यांसारखं एकसुरी ओढत नेतात.

आता एक तुम्ही करा: हायड्रॉक्सी-अपॉफिलाइट. हायड्रॉक्सी रसायनाचा तुकडा आहे, बाकीचं वर झालेलंच आहे. सिलॅबल सात यायला हवेत आणि मुख्य जोर पाचव्यावर. सहा आले तर सी आणि अ एकात मिसळून तुम्ही स्य केलंत, दोघांच्या मधे किंचित थांबून परत मोजा. आठ आले तर शेवटचं लाइट बघा.